तंबूंतील राणी

केळापूर तालुक्याचें मुख्य ठाणें जें पांढरकवडा, त्याच्या परिसरांत सन १८१८ च्या एप्रिल महिन्याच्या १७ तारखेस दुसरे बाजीराव पेशवे व कर्नल ॲडम्स यांच्या फौजांची गांठ पडली आणि पेशव्यांच्या उरल्यासुरल्या आशेचा चुराडा झाला. मराठ्यांच्या इतिहासांतील जीं थोडीं पानें आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या वांट्यास आलीं, त्यांपैकीं हें एक. शाळेंत असतां आम्ही हा प्रसंग प्रतिवर्षीं मोठ्या उमाळ्यानें सांगत असूं. पेशवे कोणीकडून आले, कोणीकडे गेले, हें फळ्यावर रेघा ओढून दाखवीत असूं. एके वर्षीं तिसऱ्या बाकावरील एक मुलगी उठली व तिनें विचारलें, "गुरुजी, पेशवे पळत होते तेव्हां त्यांच्या घरची बाई कोठें होती?" वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों, कारण उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि उत्तर ठाऊक नसलें म्हणजे मास्तर हंसतो, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

घरीं येऊन पुस्तकें चाळलीं. पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई त्या दिवसांत रायगडावर होत्या. पांढरकवड्याच्या पराभवास महिना लोटला नाहीं, तोंच १० मे रोजीं कर्नल प्रॉथर यानें तोफांचा मारा करून तो गड घेतला. गडावरील वाडे जळून गेले होते, आणि त्या पडझडीशेजारीं आपल्या माणसांच्या घोळक्यांत बसलेल्या वाराणसीबाई इंग्रजांस आढळल्या. त्यांनीं त्यांस मानानें खालीं उतरूं दिलें. आमच्या फळ्यावरील रेघांत हा गड कोठेंच नव्हता.

त्या मुलीचा प्रश्न मनांतून गेला नाहीं. राज्य गमावलेल्या राजाची कथा सारेच सांगतात. त्याच्या राणीचें पुढें काय झालें, तिनें कोठें चूल मांडली, तिच्या पाठीमागें किती माणसें राहिलीं, हें सहसा कोणी पुसत नाहीं. आपल्या संस्कृत काव्यांत राणीचा वनवास बहुधा राजाच्या मागोमाग येतो. सीतेचा दुसरा वनवास मात्र तिचा एकटीचा आहे. गंगातीरावरील तपोवनें पाहण्याची तिचीच हौस होती. त्या हौसेच्या मिषानें तिला रथांत बसविलें आणि खरें काय तें वनांत उतरल्यावर सांगितलें. उत्तररामचरित शिकवितांना आम्हांस नेहमीं असें वाटे कीं, वनापेक्षां हें न विचारणेंच तिला अधिक लागलें असेल.

मराठ्यांच्या घराण्यांतील ज्या राण्या देशोधडीस लागल्या, त्यांपैकीं एकीचीं तीं वर्षें आपणांस बरींच स्पष्ट दिसतात. त्या बायजाबाई शिंदे. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. आज त्यांच्याविषयीं लिहावयाचें आहे.

बायजाबाईंचा जन्म १७८४ सालचा, कागलच्या घाटगे घराण्यांतला. वडील सखाराम घाटगे, ज्यांस सर्जेराव या नांवानें सारा महाराष्ट्र ओळखतो, व फारसा आदरानें ओळखीत नाहीं. १७९८ सालीं पुण्यास दौलतरावांशीं त्यांचें लग्न झालें, त्या सुमारास सर्जेरावांच्या हातीं शिंद्यांचा कारभार आला, आणि सैन्याच्या थकलेल्या पगारासाठीं त्यांनीं पुणेकर सावकारांस, मुत्सद्द्यांस व भल्याभल्या गृहस्थांस धरून जें छळलें, त्याच्या कथा आमच्या लहानपणापर्यंत घरोघर वृद्ध माणसें सांगत असत. मुलीचें वय त्या वेळीं चौदा. तिच्याकडे त्या छळाचा वाटा लावणें अन्याय होईल; तरी सर्जेरावांची मुलगी हें नांव बाईंस जन्मभर चिकटलें.

आम्हां वऱ्हाडकरांचा आणि या जोडप्याचा संबंध फार लांबचा नाहीं. १८०३ च्या सप्टेंबरांत आसईस, नोव्हेंबरांत अडगांवास आणि डिसेंबरांत गाविलगडास शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा मोड झाला, व त्या वर्षाच्या ३० डिसेंबरास सुर्जी अंजनगांवीं दौलतरावांस तह करून गंगायमुनांमधील आपला मुलूख, दिल्ली व आग्रा यांवरील अंमल सोडावा लागला. अंजनगांव अमरावतीच्या अंगास आहे. आमचे कित्येक आप्तेष्ट तेथें नांदतात, आणि त्यांच्यापैकीं कोणासहि हिंदुस्थानची दिल्ली आपल्या गांवांत हातची गेली याची विशेष खंत वाटतांना आम्हीं पाहिलेली नाहीं.

दोन वर्षांनीं, १८०५ च्या नोव्हेंबरांत, दुसरा तह झाला. त्यांत एक लक्षांत ठेवण्यासारखें कलम आहे. दौलतरावांस रोख नेमणूक तर दिलीच. शिवाय बायजाबाईंस सालीना दोन लाखांची व त्यांच्या मुलीस एक लाखाची जहागीर कंपनीनें आपल्या मुलखांत तोडून दिली. राजाशीं तह करतांना राणीस निराळी जहागीर देण्याचें कारण काय? कंपनीचे अधिकारी हिशेबी होते. दौलतरावांच्या दरबारांत शब्द कोणाचा चालतो, हें त्यांनीं तेव्हांच ताडलें होतें.

पुढें १८१० सालीं ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालीं शिंद्यांची छावणी कायमची पडली, व तिचेंच लष्कर हें शहर झालें. बाईंनीं आपली संपत्ति स्वतः संभाळली व वाढविली; उज्जैनीस त्यांच्या पेढ्या चालत. १८२७ च्या मार्चांत दौलतराव वारले. मुलगा नव्हता. त्याच वर्षीं जूनमध्यें बाईंनीं शिंद्यांच्या भाऊबंदांतील अकरा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेऊन त्याचें नांव जनकोजी ठेविलें, व आपल्या मुलीची मुलगी त्यास देऊन दुहेरी गांठ बांधली. कारभार स्वतः पाहूं लागल्या.

येथें थोडें थांबून धर्मशास्त्राचें बोलणें अवश्य आहे. कारण बाईंच्या पुढील सर्व दुःखाची मुळी येथेंच आहे. दत्तकाच्या बाबतींत देशोदेशींचे पंडित एकमत नाहींत. मिथिलेकडील मत असें कीं, विधवेनें दत्तक घेऊंच नये. बंगालकडील मत कीं, पतीनें हयातींत आज्ञा दिली असेल तर घ्यावा. आपल्या महाराष्ट्रांत नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखास मान, व त्याच्या आधारें विधवेस पतीच्या स्पष्ट आज्ञेवांचूनहि दत्तक घेतां येतो. ही आपल्याकडील स्त्रियांस मोठीच सवलत, असें आम्ही पुष्कळ दिवस समजत होतों. परंतु या सवलतीच्या पोटांत एक कांटा होता. दत्तक मांडीवर बसला कीं तो पतीच्या मृत्युदिनापासूनचाच पुत्र मानला जाई. आणि मग जिनें त्यास हातीं धरून घरांत आणलें, तिच्याच हातून सारी मालमत्ता सुटून त्याच्याकडे जाई. तिनें अन्नवस्त्राची मालकीण व्हावें. म्हणजे विधवेस एकच मोठा अधिकार, आणि तो वापरतांच बाकीचे सर्व अधिकार संपले! १९५६ च्या दत्तकाच्या कायद्यानें हा कांटा काढला; आतां दत्तकामुळें आईच्या नांवें आधीं आलेली मिळकत तिच्याकडून जात नाहीं. बायजाबाईंच्या काळीं असें कांहीं नव्हतें.

बाईंचें म्हणणें असें कीं, दौलतरावांची इच्छा आपण हयातीभर राज्य करावें अशी होती. जनकोजीचें म्हणणें, गादी माझी, मी लहान होतों तोंवर ठीक. मोहोर कोणाची उठावयाची, यावरून तंटे पडले. मुलगा मोठा होत होता व त्याच्यावर पहारा वाढत होता. एकदां तो वाड्यांतून निसटून रेसिडेंटाच्या आश्रयास गेला. १८३२ च्या अखेरीस गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक ग्वाल्हेरीस आले. दोघांनींहि त्यांच्याकडून आपल्या बाजूचा शब्द मिळेल म्हणून वाट पाहिली. लाटसाहेबांनीं मुलास धीर धरण्यास सांगितलें, बाईंस सौम्यपणानें वागण्यास सांगितलें, आणि स्पष्ट असें कांहींच न सांगतां ते निघून गेले. ज्याच्या एका शब्दानें भांडण मिटलें असतें, त्यानें तो शब्द गिळला.

या भांडणांत आम्ही बाईंचे वकील नाहीं. अकरा वर्षांचें पोर आईबापांपासून काढून आणावें, त्याचें नांव बदलावें, त्याच्या हातून गादीची पूजा करवावी, आणि तें सतरा वर्षांचें झाल्यावर पुन्हां त्यास पोरच समजावें, हें कोणाहि आईस शोभणारें नाहीं. बाईंनीं त्या मुलास कुलूप उघडण्याची किल्ली मानलें. किल्लीला मन असतें, हें त्यांस १८३३ च्या जुलै महिन्यांत कळलें. पलटणी जनकोजीच्या बाजूस वळल्या. वाडा सोडून बाई भावाच्या घरीं गेल्या, व तेथून धोलपुराकडे निघाल्या. कंपनीनें जनकोजीस महाराज म्हणून मान्य केलें. बाईंचें वय त्या वेळीं एकोणपन्नास होतें.

त्यांचे भाऊ हिंदुराव घाटगे दिल्लीस जाऊन राहिले. तेथील टेकडीवरचा त्यांचा वाडा १८५७ च्या वेढ्यांत इंग्रजांचें मोठें ठाणें झाला, आणि आज त्या जागीं त्यांच्याच नांवाचें रुग्णालय आहे. रोज हजारों माणसें "हिंदुराव"ला जातात व येतात. हा हिंदुराव कागलचा मराठा होता, हें त्यांतील किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे!

बाई मात्र एका जागीं स्थिर होऊं शकल्या नाहींत. आग्रा, मग फत्तेगड, मग प्रयाग. बरोबर नात गजराजासाहेब, दासी, शागीर्द, कारकून, शिपाई, हत्तीघोडे. राज्य नव्हतें, पण राज्याचा सर्व संसार होता, आणि तो कापडाच्या भिंतींत होता. ग्रीष्मांतील झळा व वर्षाकाळचा चिखल ज्यांनीं गंगेकांठीं अनुभविला आहे, त्यांस या तंबूंतील वास्तव्याची कल्पना करून देण्याचें कारण नाहीं.

या छावणींत १८३५ सालीं फत्तेगड येथें एक इंग्रज बाई आली. तिचें नांव फॅनी पार्क्स. तिचा नवरा प्रयागास कंपनीच्या जकातखात्यांत होता. बाई मोठी चौकस. हिंदुस्थानी बोलणारी, सतार वाजविणारी, आणि जें पाहील तें टिपून ठेवणारी. तिचें दोन भागांचें प्रवासवर्णन १८५० सालीं लंडनास छापून निघालें, आणि बायजाबाई आपणांस प्रत्यक्ष दिसतात त्या त्यामुळेंच. आपल्या माणसांनीं बाईंच्या तहांचीं व खर्चाचीं दप्तरें ठेविलीं. बाई हंसत कशा, हें मात्र एका परकीय स्त्रीनें लिहून ठेविलें.

ती लिहिते कीं, बाई अंगानें भरलेल्या, केस पांढरे होत आलेले, हात व पाय फार लहान आणि नाजूक, हंसणें फार गोड. अंगावर साधें तांबडें रेशमी वस्त्र, आणि हातांत दोन बारीक सोन्याच्या बांगड्या, याखेरीज दागिना म्हणून नाहीं. भोंवतालच्या मुली व दासी मात्र जरीनें व मोत्यांनीं झळकत होत्या. विधवा म्हणून बाई पलंगावर निजत नसत. जमिनीवर अंथरूण घालीत. अंथरूण जमिनीवर, पण छावणींतील शेवटचा मोतद्दारहि त्यांच्या हुकुमाबाहेर नव्हता.

घोड्यावर बसण्याची हकीकत आमच्या वाचक भगिनींस विशेष आवडेल. बाई तरुणपणीं उत्तम घोडेस्वार होत्या, आणि गजराजासाहेबहि तशीच. त्यांनीं पार्क्सबाईंस त्यांचा घोडा आणावयास सांगितलें. विलायती रिवाजाप्रमाणें दोन्ही पाय एका अंगास सोडून बसण्याचें तें खोगीर पाहून मराठमोळ्या बायकांची हंसून मुरकुंडी वळली. असें बसून माणूस पडत कसें नाहीं, हेंच त्यांस उमगेना. मग पार्क्सबाईंस मराठी पद्धतीचें वस्त्र नेसवून आपल्या घोड्यावर बसविलें. ती लिहिते कीं, तशी मांड ठोकल्यावर कोणतीहि उडी मारण्याची हिंमत आपल्यास आली, व विलायतेंत बायकांची बसण्याची रीत बदलणाऱ्या एलिझाबेथ राणीच्या अकलेची आपल्यास कींव आली. जे लोक आपल्यास सुधारावयास आले होते, त्यांच्यांतील एका बाईनें शिंद्यांच्या छावणींत कासोट्याचा उपयोग शिकावा, ही गोष्ट आम्हांस फार गोड वाटते. श्रावणांत छावणींत झोपाळे बांधीत. त्या झोपाळ्यांचेंहि वर्णन तिनें केलें आहे.

परंतु सर्वांत मोलाचें तें दोघींचें बोलणें. आपल्याकडील विधवांच्या हालांविषयीं निघालें, तेव्हां पार्क्सबाईंनीं सांगितलें कीं, विलायतेंत लग्न झालेल्या बाईचें स्वतःचें कांहींच नसतें; तिची मिळकत नवऱ्याची, ती नवऱ्याच्या हातांतली. तें त्या काळीं अक्षरशः खरें होतें. तिकडील विवाहित स्त्रीस स्वतःच्या मिळकतीवर पुरा हक्क मिळण्यास १८८२ साल उजाडावें लागलें. एक राज्य गमावलेली विधवा, एक राज्य करणाऱ्या लोकांतली सुवासिनी. आणि दोघी एकमेकींस आपापल्या शास्त्रांतील अन्याय सांगत बसल्या आहेत. बाहेर पहारेकरी आहे, तो कंपनीचा कीं बाईंचा हें नीट सांगतां येत नाहीं.

कंपनीस ही छावणी उत्तर हिंदुस्थानांत नको होती. बाईंच्या भोंवतीं असंतुष्ट माणसें जमतील, ग्वाल्हेरीस पत्रें जातील, अशी धास्ती. म्हणून प्रस्ताव आला कीं, बाईंनीं काशीस जाऊन राहावें. नाहींतर दक्षिणेंत जावें, म्हणजे सालीना चार लाख रुपये मिळतील. वरवर पाहतां यांत वाईट काय? काशी म्हणजे मोक्षपुरी, आणि दक्षिण म्हणजे माहेर! बाईंस काशी नको होती असें तर मुळींच नाहीं. ज्ञानवापीच्या विहिरीवरील खांबांचा मंडप १८२८ सालीं, म्हणजे सत्तेवर असतांना, त्यांनींच बांधविला होता. तरीहि काशीस जाण्याचें त्यांनीं नाकारलें. प्रयागास राहीन म्हणाल्या व तंबूंतच राहिल्या.

हें वाचतांना आम्हांस आमच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीची आठवण होते. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असूं. विसाव्या वर्षीं तिचें कपाळ पांढरें झालें. सासरीं जमीन बरी होती. दिरांनीं आपलाच मुलगा तिच्या मांडीवर दिला, आणि तिनें तो वाढविला. मुलगा कर्ता झाल्यावर सर्वांनीं विचार करून, विचार चांगलाच करून, तिला काशीस पाठविलें. दरमहा पंधरा रुपयांची मनिऑर्डर जाई, व ती कधीं चुकली नाहीं, हें दत्तकाच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. चार वर्षांनीं एके सकाळीं ती भावाच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, दारांत येऊन उभी राहिली. हातांत गंगेचा गडू, कांखेंत वळकटी. आम्ही लहान असतां तिच्याजवळ निजत असूं. एकदां आम्हीं विचारलें, "आत्याआजी, काशी चांगली नव्हती का गं?" ती म्हणाली, "काशीला काय झालंय रे! रोज विश्वेश्वर, रोज गंगा. पण मला कुणी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर सांगितलं." एवढेंच. पुढें कितीहि विचारलें तरी ती या विषयावर बोलली नाहीं.

बायजाबाईंस चार लाख रुपये देऊं केले होते आणि आत्याआजीस पंधरा. आंकडा सोडला तर कागद एकच आहे, असें आम्हांस वाटतें. नकोशी झालेली विधवा कोठें ठेवावी, याचें उत्तर कंपनी सरकारनें आपल्याच घरांतून उचललें होतें.

हें जुन्या काळचें झालें, असें कोणी म्हणेल. म्हणून अलीकडचें व दूरदेशचें एक उदाहरण घेऊं. स्पेन देशचे राजे तेरावे अल्फोन्सो यांची राणी व्हिक्टोरिया यूजीनी, जिला घरीं एना म्हणत, ही इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची नात. १९०६ च्या मे महिन्याच्या ३१ तारखेस माद्रिद शहरांत तिचें लग्न झालें, व लग्नाहून परततांना वरातीवर फुलांच्या गुच्छांत लपविलेला बॉंब पडला. भोंवतालचीं माणसें मेलीं; नववधूच्या शुभ्र वस्त्रावर रक्त उडालें. पुढें तिच्या दोन मुलांस रक्त न थांबण्याचा रोग निघाला, जो आईकडून मुलांस येतो. त्याचा दोष नवऱ्यानें तिच्याच पदरीं बांधला. १४ एप्रिल १९३१ रोजीं तेथें प्रजासत्ताक झालें. राजेसाहेब त्याच रात्रीं मोटारींतून बंदराकडे निघून गेले. राणी व मुलें रात्रभर वाड्यांत, बाहेर जमावाचा आरडाओरडा. दुसऱ्या दिवशीं तीं आगगाडीनें देश सोडून गेलीं. परदेशांत नवराबायको विभक्त झालीं. तो १९४१ सालीं रोमेंत वारला. ती स्वित्झर्लंडांत लोझान गांवीं राहिली. १९६८ सालीं, सदतीस वर्षांनीं, पणतवाच्या नामकरणासाठीं तिला काय ते थोडे दिवस माद्रिदेस जातां आलें. त्या बारशाचा मुलगा फेलिपे आज तेथें राजा आहे. राणी पुढल्याच वर्षीं १५ एप्रिलास लोझान येथें वारली. देश सोडला तीहि १५ एप्रिलच होती. तिच्या अस्थि स्वदेशीं नेण्यास १९८५ साल लागलें.

एना राणीचें दुःख मोठें. पण लोझान तिनें निवडलें होतें. घर तिचें, दार तिचें. बायजाबाईंचें भांडण नेमकें त्या दाराबद्दल होतें.

शेवटीं १८४० नंतर त्या नाशकास आल्या. गोदातीरीं कांहीं वर्षें गेलीं. १८४३ च्या फेब्रुवारींत ग्वाल्हेरीस जनकोजी ऐन तारुण्यांत निपुत्रिक वारले. त्यांच्या बारातेरा वर्षांच्या विधवेनें, ताराबाईंनीं, आठ वर्षांचे जयाजीराव दत्तक घेतले. पुन्हां अल्पवयी मुलगा, पुन्हां विधवा, पुन्हां दरबारांत तट. आणि वर्षअखेरीस महाराजपूर व पन्यार येथें एकाच दिवशीं दोन लढाया होऊन कंपनीचा पाय ग्वाल्हेरींत पक्का रुतला. नाशकास ही वार्ता ऐकून बाईंस काय वाटलें असेल! मात्र त्यांची धास्ती आतां कोणास उरली नव्हती. त्यांस शिंद्यांच्या मुलखांत परतण्याची मोकळीक मिळाली. कांहीं वर्षें त्या उज्जैनीस राहिल्या. तेथील चौकांतील गोपाळमंदिर त्यांचेंच. नंतर ग्वाल्हेरीस आल्या. ज्या वाड्यांतून निसटल्या होत्या, त्या शहरांत त्या थोरल्या बाईसाहेब म्हणून पुन्हां राहूं लागल्या.

आणि मग १८५७ साल आलें. १८५८ च्या जूनच्या आरंभीं रावसाहेब पेशवे, तात्या टोपे व झांशीच्या राणीसाहेब यांनीं ग्वाल्हेर घेतली. जयाजीराव आग्र्यास पळाले. बाई इतर राण्यांसह नरवरास गेल्या. रावसाहेबांनीं त्यांस बोलावणें पाठविलें. पंचवीस वर्षांपूर्वीं जी गादी गेली ती पेशव्यांच्या हातून परत मिळण्याचा हा प्रसंग होता. त्या गेल्या नाहींत. यावरून कांहीं लेखक त्यांस भित्र्या म्हणतात, कांहीं धूर्त म्हणतात. आमचें मत निराळें आहे. पंचाहत्तरीस आलेल्या, एकदां सर्व संसार कापडांत बांधून वणवण फिरलेल्या बाईस पुन्हां तंबू ठोकण्याचा कंटाळा आला असेल, तर त्यांत आश्चर्य काय? शिवाय घरांत आतां दत्तकाचाहि दत्तक राज्य करीत होता. त्याच्याशीं तरी त्यांस भांडावयाचें नव्हतें, असें म्हणण्यास जागा आहे. १८६३ सालीं ग्वाल्हेरीस त्यांचें देहावसान झालें.

बाईंच्या आयुष्यांतील एका संकल्पानें मराठी वाङ्मयावर मात्र अकल्पित उपकार केला आहे. बंडाच्या आदल्या दिवसांत दक्षिणेंत वार्ता पसरली कीं, बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, लाखों रुपये खर्च होणार, दक्षिणा मोठी मिळणार. कोंकणांत वरसईस एक गरीब वैदिक ब्राह्मण होता. घरावर कर्ज होतें. तो चुलत्यांस घेऊन त्या दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे निघाला, आणि यज्ञाच्या वाटेनें चाललेला तो भिक्षुक बंडाच्या वणव्यांत सांपडला, झांशीच्या वेढ्यांत राहिला, लुटला गेला, आणि आईबापांसाठीं गंगेची कावड घेऊन घरीं परतला. ते विष्णुभट गोडसे. त्यांचा "माझा प्रवास" चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं छापून काढला. ज्यांच्या कपाटांत हें पुस्तक असेल त्यांनीं झांशीच्या प्रकरणाकडे वळण्याआधीं पहिलीं पानें एकदां पुन्हां काढून पाहावीं. घरांत मंडळींचीं बोलणीं चाललीं आहेत, बायका जाऊं नका म्हणताहेत, आणि त्या सर्व गडबडीच्या पाठीमागें दूर कोठें तरी एक वृद्ध राणी यज्ञाची सामग्री जमवीत बसली आहे.